दुसरी पंगत

वसमतच्या हळद बाजारामागं माझं गोडाऊन.
आत थर्माकोलचे सहा हत्ती,
एकाची सोंड दोनदा चिकटवलेली,
आणि पोतीच्या पोती प्लास्टिकचा मोगरा,
जो मी दर सिझनला साबणाच्या पाण्यात बुडवून
पुन्हा ताजा करतो.
बावीस वर्षं लोकांच्या पोरी
मी याच हत्तींमधून सासरी धाडल्या.

रेवती म्हणाली, पप्पा, माझ्या लग्नात हत्ती नकोत.
म्हटलं, घरचेच आहेत, भाडं थोडंच लागणार?
म्हणाली, तुम्ही टाकलेला एक
अजून आसनेच्या पात्रात पडलाय.
पुलावरून जाताना मी मान फिरवते.

मग कॅलेंडरचा माघ फाडून
त्याच्या पाठीवर तिनं मांडव लिहायला घेतला.
कमानीला कडबा, साठ पेंढ्या,
तिच्या मामाकडून, परत द्यायच्या बोलीवर.
मामा हसला,
"परत? म्हंजे नवरदेव खात नाही वाटतं!"
भिंतीला तुराट्या. तोरणाला आंब्याचे टहाळे, तेही आदल्या रात्रीच.
रंगाला पळस.
पहिलं घमेलं उकळलं ते गढूळ चहासारखं झालं,
सगळी गल्ली हसून गेली.
दुसऱ्यात तुरटी पडली
तेव्हा कुठं सुतळीवर पिवळं उजाडलं.

राहिलं छत.
कापडाचा भाव ऐकून ती उठली
आणि दारोदार साड्या मागत फिरली.
विकत नाही, दोन दिवसांसाठी, लग्नातलीच द्या म्हणाली.

इंदूमावशीच्या साडीवर आमटीचा डाग,
तिच्याच लग्नाच्या पंगतीतला.
हमीदाआपानं निकाहची लाल ओढणी दिली,
संभालके बांधो भाई, असं मला तीनदा बजावून.
शिंद्यांच्या सुनेची अजून कडक होती,
तिच्यात दुकानाची टाचणी सापडली.

दिवेलागणीला केवळाबाई आली.
लग्नघरात ती उंबऱ्यापर्यंतच येते,
कुणी तसं सांगितलेलं नाही, कुणी आत ये असंही म्हटलेलं नाही.
पेपरात गुंडाळलेला हिरवा शालू पुढं केला.
"बघ बाई, चालत असंल तर.
नसंल तर गठुडं बांधायला होईल."
रेवतीनं वितीनं माप घेतलं, म्हणाली,
हा मधोमध. बरोबर पाटाच्या वर.

शिडीवर मीच होतो.
लोक काय म्हणतील, हे माझ्या ओठांवर आलंच होतं,
पण दातात सुतळीचं टोक होतं, म्हणून निभावलं.
गाठ मारली. पक्की मारली.

बारा पस्तीसचा मुहूर्त, वर चैत्राचं ऊन,
मंगलाष्टकं चाललेली,
आणि बायकांचं नवरा-नवरीकडं लक्षच नाही.
सगळ्या माना वर.
ज्याची त्याला आपली साडी सापडत होती.
केवळाबाईच्या शालूला एक भोक होतं,
मला आदल्या रात्री दिसलं नव्हतं.
त्यातून रुपयाएवढं ऊन
रेवतीच्या मनगटावर पडलं.
भटजी म्हणाले, ताई, जरा सावलीत सरका.
पोर हलली नाही.

पंगतीत कुणीतरी म्हणालंच,
डेकोरेशनवाल्याच्याच घरी डेकोरेशन नाही व्हय?
मी वरण वाढत होतो. वाढलं.

खर्च सांगायचा तर
सुतळी चारशे दहा, तुरटी साठ,
शिडीवरून घसरलो त्याचं मलम पंच्याऐंशी.

खोटं कशाला बोलू, हत्ती अजून गोडाऊनमध्येच आहेत.
परवा जिंतूरची पार्टी आली, हत्तीच पाहिजेत म्हणाली.
दिले. धंदा आहे.
फक्त परत आणून द्यायचे, एकसुद्धा कमी नको,
हे पावतीवर लिहून घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा.

पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं.
मामानं दावणीशी टेम्पो लावला,
आम्ही कमान सोडली, पेंढी पेंढी,
आणि मी म्हशींना वाढत गेलो,
घ्या, सावकाश होऊ द्या, असं म्हणत,
जसं काल माणसांना म्हणत होतो.
चांगल्या जेवल्या.
एकीच्या शिंगाला पिवळी सुतळी अडकून राहिली होती.
मी ती काढली नाही.