फक्की

मानवत ते पाथरी अंतर किती,
तर एक टमटम भरायला लागतो तेवढा वेळ.
पण बेसबॉलची मालिका लागली
की दोन्हीकडचे सोयरे
एकमेकांचे फोन उचलीनात.

पहिला सामना त्यांचा.
दुसरा आमचा, आमच्या मुंजाजीच्या हातचा.
नऊ जणांना त्यानं उभ्या उभ्या परत धाडलं,
एकाची बॅट तर खांद्यावरून उतरलीच नाही.
तिसऱ्याला अंधार पडला.
दोन ट्रॅक्टर आणून लाईट सोडले मैदानावर,
तरी चेंडू दिसेना.
अकराव्या इनिंगला तो सापडला,
पाथरीच्या एका गुडघ्याला लागून.
आमचा रन.
चौथ्याचं मी सांगत नाही.
त्यात खेळ कमी
आणि गाड्यांच्या चाकातली हवा जास्त.
दोन-दोन.

पाचवा इथं, जिनिंगच्या मागं.

मी सटवाजी. मी खेळत नाही,
रेषा मारतो.
घमेल्यात फक्की, मुठीतून बारीक धार,
शेजारी सुतळी ताणलेली
आणि मी वाकून मागं मागं चालणारा.
सव्वीस वर्षं झाली.
कंबर आता घरीसुद्धा त्याच कोनात असते.

त्या दिवशी सुतळी नव्हती.
पाव्हण्यांच्या मंडपाला कमी पडली
म्हणून पोरांनी पहाटेच नेली.
डावीकडची रेष मी नजरेनं ओढली.
तिसऱ्या बेसच्या पुढं, काळी माती भेगाळलीय तिथं,
हात जरा बाहेर गेला.
चारेक बोटं.
म्हटलं, कोण बघायलंय.

शेवटची इनिंग. आमचा एक रन वर.
त्यांचे दोघं बेसवर, दोघं बाद,
आणि बॅटीला इर्शाद,
ज्याचा बाप माझ्या सायकलचं पंक्चर काढतो
आणि पैसे पुढच्या बाजारी घेतो.
मुंजाजीनं चेंडू पाठीमागं धरून
बोटांनी शिवण चाचपली.
मैदानावर कुणी खोकलंसुद्धा नाही.

ठाक.

माझा भाचा राजेभाऊ तिसऱ्या बेसवर.
त्याच्या ग्लोव्हच्या वरून चेंडू गेला,
रेषेपाशी पडला
आणि पांढरं काहीतरी उडालं.

"फाउल!" आमचं अर्धं गाव.
"फक्की उडाली!" पाथरी.
"कापूस हाय त्यो, कापूस!" आमचं उरलेलं अर्धं.
कारण जिनिंग चालू होतं
आणि सकाळपासून मैदानभर
पांढरे पुंजके हिंडत होते.

अंपायर वसमतचे खंदारे सर.
त्यांनी गर्दी सारली, मला पुढं घेतलं.
"रेष तुमची. काय उडालं?"

कापूस तरंगतो.
तारेवर टेकतो, कुणाच्या केसात बसतो,
त्याला कुठं जायची घाई नसते.
फक्की उडते आणि तिथंच खाली बसते,
ओझं उतरवलेल्या माणसासारखी.
मी ती बसताना बघितली होती.
ती चार बोटंही मला दिसत होती,
पण त्यांचं कुणी विचारलं नव्हतं.

"मामा, कामून गप हाव? सांगा की."

"फक्की," मी म्हणालो.

पुढं काय. दोन रन. गुलाल त्यांचा.
माझं घमेलं कुणीतरी लाथेनं उडवलं,
ते बराच वेळ गोल फिरत राहिलं.
रात्री भाजीत मीठ नव्हतं.
मागायची टाप झाली नाही.

सकाळी मंडप सुटला.
सुतळी मिळाली, ठिकठिकाणी गाठी पडलेली.
खुंटीला बांधून ताणली, डोळा लावला.
चार नव्हे. पाच बोटं.
रेषेवर चेंडूचा ठसा अजून होता, वाटीएवढा,
आणि सुतळी त्याच्या अलीकडून
न शिवता गेलेली.

जिनिंगचा भोंगा झाला.
एक पुंजका रांगत रांगत आला
आणि ठशात जाऊन बसला.
मी तो उचलला नाही.