मुंजाजीसाठी पेनड्राइव्ह

मुंजा, जालन्याला सळईच्या कारखान्यात
रात्रपाळीला चाललास, तर हे घेऊन जा.
बत्तीस जीबी. टोपण हरवलंय.

आधी ते सावली भाड्यानं देणाऱ्या पोराचं बघ.
जपानी आहे, खाली अक्षरं पळतात,
पहिले तीन भाग लई रटाळ. दम धर.
चौथ्यात त्याची सावली परत यायलाच नको म्हणते.

ड्रॅगनवालं राहू दे.
पाच सीझन निस्ती शिवेवरून भाऊबंदकी,
ती आपल्या सेलूत फुकट बघायला मिळते.

ते अंतराळयानाचं मात्र एकट्यानं बघ.
तीनशे वर्षांचा प्रवास,
पाणी दर नवव्या दिवशी.
बाया रात्री दोनला उठून नळाखाली भांडी लावतात,
खिडकीबाहेर एक तांबडा ग्रह, कुणी बघतसुद्धा नाही.
परीक्षणात लिहिलं होतं, काय ही कल्पनाशक्ती!
मी आईला दाखवलं.
ती म्हणाली, त्यांचा वॉलमन बरा दिसतो,
वेळेवर सोडतो.

शेवटचा भाग मी अजून बघितला नाही.
ते पोचतात का नाही,
तुला कळलं तरी सांगू नको.

दिवाळीला ये.
टोपण सापडलं तर ठेवतो.