खालचा माणूस

दस्तगीर वर जातो, मी खाली उभा राहतो.
धंद्याची एवढीच वाटणी.
एकोणीस वर्षांत मी त्याचा चेहरा कमी
आणि बुटांचे तळवे जास्त पाहिलेत:
डावी टाच आतून झिजलेली,
उजवीच्या खाचेत कुठल्यातरी चिंचेची साल.

सकाळी सातला ताराबाई पार्क.
एम-एटी फाटकाशी लावायची,
गोणपाटावर सामान मांडायचं.
पट्टा, कमरेचा आणि मांड्यांचा,
चप्पल लाईनीतल्या धोंडिबानं शिवलेला.
"लंगोटासारखा आवळ," म्हणाला होता,
"न्हाईतर घालूच नको."
पोटऱ्यांना बांधायचे काटे, उद्यमनगरात घडवलेले,
ते फक्त मरणाऱ्या झाडासाठी.
जे झाड जगणार आहे त्याच्या अंगात
लोखंड घुसवायचं नाही.
करवत म्यानात.
कड्या सात. जाताना सात, उतरल्यावर सात.
पांढरा दोर, मधून एक निळा धागा,
पंचेचाळीस मीटर.
आणि तंबाखूची डबी. तिलाही एक सुतळी.

दोर वर गेला की माझं काम सुरू.
एक झटका म्हणजे सैल सोड.
दोन म्हणजे धर.
तीन म्हणजे खालनं माणसं हटव.
कधी कधी झटका नाही, नुसती थरथर,
तेव्हा तो बेचक्यात बसून बघत असतो.
एकदा विचारलं, काय दिसतं रे एवढं?
"जोतिबाचा डोंगर. पत्र्यांवरची टायरं.
आणि तुझं टक्कल."

लोकांना घाई असते.
अंगणात पाला पडतो म्हणून
आजोबांच्या वयाचा रेनट्री उतरवा म्हणतात.
सोलरवर सावली येते.
वास्तुवाल्यानं सांगितलंय.
महापालिकेचा कागद दाखवा, दस्तगीर म्हणतो.
कागद नसला की एम-एटीला किक.
कागद असला आणि शेंड्याला घार बसलेली असली,
तरी किक.
"पिल्लं उडाली की फोन करा."
त्या महिन्यात माझ्या घरी उसनं चालतं.

गेल्या मार्गशीर्षात, नागाळा पार्कात, निलगिरी.
फांदी बाहेरून धडधाकट, आत वाळवी.
न बोलता गेली.
माझ्या तळहातांना आधी कळलं, कानांना मग.
दोर वीतभर धावला, कातडं घेऊन,
आणि बुंध्याला दिलेले दोन वेढे कचकन आवळले.
जमिनीपासून दीड पुरुषावर
शाहूपुरीत काट्याला लावलेल्या गुळाच्या रव्यासारखा
दस्तगीर हळूहळू फिरत होता.
बंगल्यातला कुत्रासुद्धा भुंकला नाही.
मग वरनं आवाज आला,
"डबी पडली बघ. गावतीया का?"

माणूस झेललेला दोर पुन्हा वापरायचा नाही.
मी बोटं फिरवली. कुठं सल नाही, गाठ नाही,
निळा धागा होता तसाच.
अकरा हजारांचा दोर,
मी म्हटलं, अजून दोन वर्षं काढंल की.
त्यानं माझ्याकडं पाहिलं,
वरून नाही, समोरून,
आणि दोर माझ्या खांद्यावर टाकला.

आता तो आमच्या परड्यात आहे,
शेवग्यापासून संडासाच्या खांबापर्यंत.
मालन म्हणते, असली दोरी बाजारात मिळायची नाही,
ओली वाकळ टाकली तरी वाकत नाही.
तिला मी काही सांगितलेलं नाही.
रात्री कपडे काढून झाले की
जाता जाता हात लावतो.
एक झटका.
मग दोन.
शेवग्याची चार पानं पडतात.

नव्या दोरात तांबडा धागा आहे,
अजून हाताला बसला नाही.
उद्या सातला कदमवाडी. नारळ चार,
आणि एक आंबा, ज्याचा कागद
अजून बघायचा आहे.