एकतीस नंबर

तिबिलीसीत, कोरड्या पुलाच्या कठड्याशी
गाड्यांच्या बॉनेटवर चादरी अंथरून
माणसं विकायला बसतात
चमचे, पदकं, कुणाच्या तरी नावाचे बिल्ले
आणि लेन्सा.
जग पाहून झालेल्या, आता झाकणाखाली मिटलेल्या.

मी शाळांचे वर्गफोटो काढते.
चाळीस पोरं, तीन रांगा, मध्ये एक बाई.
नवी लेन्स माझ्या ऐपतीत बसत नाही,
म्हणून मी आधी लेन्स बघत नाही,
माणूस बघते.

गुराम म्हणाला होता, अगदी कोरी आहे.
घरी येऊन टॉर्च मारला
तर काचेच्या कडेनं बुरशी,
जुन्या रव्याला धरतं तसं जाळं.
निळ्या टोपीवाल्यानं आईची शपथ घेतली.
लेन्सच्या पात्यांवर तेल निघालं.
आई, नंतर कळलं,
समोरच मोजे विकत बसलेली.

तेव्हापासून मी स्क्रूची डोकी बघते.
ओरखडे असतील तर कुणीतरी आत जाऊन आलंय.
काच फारच लखलखीत असेल
तर पाहुणे यायच्या आधी झाडलेलं घर.
आणि शपथ ऐकू आली की
पिशवी बंद करून चालू लागते.

जुम्बेर शपथ घ्यायचा नाही.
लेन्स हातात देण्याआधी खोट सांगायचा,
सोयरीक जुळवताना दुखणं सांगून टाकावं तसा.
'हिच्या कडेला धूळ आहे.
हिचं कडं थंडीत हट्टाला पेटतं.
ही घेऊ नकोस.'
का?
'नको म्हटलं ना.'
घासाघीस सुरू केली की
कानातलं यंत्र काढून खिशात टाकायचा.
पाच वर्षं. त्याच्याकडच्या तिघींवर
माझं घर चाललं.

यंदा फेब्रुवारीत त्याच्या जागी लामारा.
बायको. काळा कोट, मांडीवर वही.
भिंगातलं तिला काही कळत नाही.
झाकणावरचा नंबर वहीशी जुळवते
आणि लिहिलंय ते वाचते,
मोठ्यानं, अडखळत, गिऱ्हाईक असो नसो:
'सतरा. मागे ओरखडा. साठच्या वर मागू नये.'
शेजारचे विक्रेते कपाळाला हात लावतात.

'शाळेचे फोटो काढणारी तूच का?'
मी मान हलवली.
तिनं बोट ओलं करून पानं उलटली.
'एकतीस. शाळावालीला.
मागच्या दोन काचांमधला डिंक सुटत चाललाय.
सांगितलं नाही.'

एवढंच. कारण नाही.
पुढच्या ओळीत बत्तीस.

या पुलाखाली पाणी नाही,
त्यामुळे बरंच वाहून गेलं
असंही म्हणता येत नाही इथे.

तिनं वीस लारी काढून समोर धरले.
नको, म्हणाले मी.
'मला काय विचारतेस,' ती म्हणाली,
'हिशोब त्याचा आहे.'
मग घेतले.

रात्री एकतीस नंबर दिव्यासमोर धरली.
पुढून, मागून, तिरकी,
उघड्या पात्यांनी, मिटल्या पात्यांनी.
पाच वर्षांचे वर्गफोटो जमिनीवर मांडले,
गुडघ्यांवर रांगत एकेक तपासला.
तिसऱ्या रांगेतल्या पोरांचे कान,
पडलेल्या दातांच्या फटी,
एका बाईंच्या स्वेटरचं चुकीच्या काजात गेलेलं बटण,
सगळं जागच्या जागी.
डिंक कुठे सुटलाय
ते काही दिसेना.

त्याची नजर चुकली असेल.
माझी अजून कच्ची असेल.
किंवा कुणा दुसऱ्याच लेन्सचं पाप
त्यानं घाईत माझ्या नावावर लिहिलं असेल
आणि ती दुसरी कुणाकडे तरी बिनबोभाट
ढगाळत असेल.

वीस लारी टेबलावर तसेच आहेत.
रविवारी जाईन म्हणते.
सतरा नंबरची मला हवी आहे,
ती, मागे ओरखडा असलेली.
साठच्या वर देणार नाही.