आठ फुटांना दोन बोटं कमी

खोली मोजली तेव्हा रुंदी
आठ फुटांना दोन बोटं कमी भरली.
मी टेप पुन्हा लावला,
जणू भिंत ओळख दाखवून जराशी सरकेल.
डुलुथच्या उतारावरच्या आमच्या घरात
एवढीच खोली मोकळी होती: शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल
आणि कुणीच न वाजवलेलं अकॉर्डियन.

बाबा राहायला येणार होते. आर्मास निस्कानेन,
एकतीस वर्षं खनिजाच्या बोटींवर स्वयंपाकी,
उंची सहा फूट तीन.
आईबरोबरचा मोठा पलंग त्यांनी
शेजारच्या नव्या जोडप्याला विकला, चाळीस डॉलरला,
आणि पंधरा मिनिटांनी
चाळीस डॉलर परत नेऊन दिले.

दुकानात एकट्याच्या पलंगाला ट्विन म्हणतात.
जुळा.
मी विचारलं, मग याचा भाऊ कुठाय?
विक्रेता म्हणाला, तो वेगळा घ्यावा लागतो.

मी यादी केली होती. पलंगाखाली ड्रॉवर,
दाराआड खुंट्या, भिंतीला मिटणारं टेबल,
रंग फिकट, म्हणजे खोली मोठी वाटेल.
बाबांनी यादी वाचली, चष्मा काढला,
म्हणाले, पेन्सिल दे.

तीन दिवस करवत चालली.
पलंग ओकच्या ठोकळ्यांवर गुडघाभर चढला,
खाली सगळा हिवाळा मावला: बूट, फावडं,
बर्फाला भोक पाडायचा गिरमिट.
दार आत उघडून पलंगाला धडकायचं,
ते बिजागऱ्यांसकट फिरवून बोळात उघडतं केलं.
आता ते आम्हाला धडकतं.
उशाशी एक फळी, चष्म्यापुरती आणि कपापुरती.

आणि प्रत्येक फळीला पुढून बोटभर उंच पट्टी.
ही कशाला?
सामान घसरू नये म्हणून.
बाबा, घर हलत नाही.
त्यांनी सँडपेपरची घडी घालून खिशात ठेवली.
‘नोव्हेंबरात बघू.’

अंथरूण पाहून पाय पसरणं
त्यांनी बोटीवर पुरेसं केलं होतं.
इथे पायथ्याची पाटी सरळ कापून टाकली,
पुढे स्टूल ठेवलं, स्टुलावर उशी,
आणि पाय गेले पलंगाच्या हद्दीपार.

मला फक्त आरसा पटला नाही.
मी म्हटलं होतं, खिडकीसमोर लावा, उजेड दुप्पट होतो.
त्यांनी तो कोपऱ्यात लावला, तिरका,
त्यात ना चेहरा दिसे ना दाढी.
साइमा सगळ्यांना सांगत सुटली,
आजोबांचा आरसा बिघडलाय.

गुरुवारी ते दाताच्या डॉक्टरकडे गेले.
मी चादरी ठेवायला आत गेले, जरा टेकले,
मग आडवी झाले.
डोकं त्यांच्या उशीतल्या खळग्यात बसलं.
पाय कुठेच पोचले नाहीत.

आरशात धक्का होता. उचलपूल होता.
पुलाखालून एक लांबलचक बोट आत येत होती,
इतकी सावकाश
की आधी वाटलं, पूलच निघालाय कुठेतरी.

भोंगा झाला, एक लांब, दोन आखूड.
फळीवरचा कप जागचा हलला नाही.
तरी मी हात लांब करून
पट्टीवर एक बोट ठेवलं,
आणि बोट जाईपर्यंत, म्हणजे ती बोट,
ते तिथेच राहू दिलं.
चादरी पोटावर होत्या, इस्त्रीच्या, अजून कोमट.

दार मी सताड उघडं टाकलं होतं.
बोळातून साइमा पळत आली
आणि धडकली.