खबर देणारा

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, साडेदहाला
चोपड्याच्या वाचनालयात व्याख्यान असतं. फुकट.
फळ्यावर मी 'विनामूल्य' लिहितो, सर तसं सांगतात म्हणून.
चाळीस खुर्च्या मीच मांडतो,
त्यातल्या सात लंगड्या, त्या भिंतीला टेकवून.

या वेळचा विषय : आपली वंशावळ कशी शोधावी.
गर्दी झाली. अर्ध्यांना दाखल्यासाठी पुरावा हवा होता,
एका आजोबांना फक्त पंखा.

शिंपी सरांनी वहीचं फडकं सोडलं.
तापीकाठच्या एका गावाची जन्ममृत्यूची नोंद,
मोडीत, हात न उचलता लिहिलेली.
सर वाचत गेले :
धुडकू. दगा. चिंधी. उकिरडा.
मरणाला किळस यावी म्हणून ठेवलेली नावं,
आणि पुढच्याच रकान्यात मरण :
पटकी. ताप. पटकी. विंचू.

लोक जागेवरून उठायला लागले.
'दगा आमचा!' केळीवाले लोटू चौधरी ओरडले,
पणजोबाला पटकीने नेलं याचाच त्यांना आनंद.
मागून एक म्हातारी, 'चिंधी मन्ही आजी से हो!'
आणि डोळे पुसायला पदर शोधत बसली.

मी चहा फिरवत होतो.
शेवटचा रकाना सर वाचतच नव्हते,
सगळीकडे तेच ते म्हणून.
काय आहे त्यात, मी विचारलं.
'खबर देणारा,' म्हणाले, आणि बोट वरून खाली नेलं :
उखा वल्द झिपरू, कोतवाल, निशाणी अंगठा.
उखा वल्द झिपरू.
उखा वल्द झिपरू.

बशीत कप वाजला.
माझ्या बापाचा आजा.
आमच्याकडे त्याची घुंगराची काठी होती,
तीही एका पावसाळ्यात चुलीत गेली.

गावाचं एकेक मरण त्याने पायी नेलं,
पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून
बापाच्या नावासकट सांगितलं.
लिहिलं दुसऱ्याने. पाठ त्याला होतं.

'सर, त्याचं स्वतःचं?'
सरांनी पंखा बंद करायला लावला, पानं उडत होती.
बराच वेळ गेला. मग सापडलं, पौषातलं :
उखा वल्द झिपरू. वय अदमासे साठ. कारण म्हातारपण.
खबर देणारा :
कोरं.

कोणी बोललं नाही.
'पंखा लावा रे,' आजोबा म्हणाले.

लावला.
हजेरीच्या वहीत शिपायाने सही करायची नसते.
मी केली. युवराज बैसाणे.
आणि रकाना नव्हता तरी पुढे लिहिलं,
खबर देणारा.

मग खुर्च्या आवरल्या. लंगड्या सात आधी.