आढं उत्तर-दक्षिण

टेबलावर तीन कोटेशनं,
मधल्यावर लोण्याचा डाग.
खिडकीबाहेर फ्रिसलंड, सपाट आणि ओलं,
ऊन ताकासारखं पातळ,
आणि आम्ही निघालोय ते घुसळायला.

पहिला आला लेउवार्डनहून, चकचकीत बुटांत.
गोठ्याकडे बघून हळहळला:
आढं उत्तर-दक्षिण, म्हणजे छपराची एक उतरण उगवतीला,
एक मावळतीला. दक्षिणेला तोंडच नाही.
"बांधणाऱ्यानं जरा विचार करायला हवा होता."
बांधणारा समोरच बसला होता.
दौवे, माझे वडील, वय एक्क्याऐंशी,
विरघळून गेलेली साखर ढवळत.

लोखंडी सांगाडे उभारू, म्हणाला, पॅनेलं वळवून घेऊ.
आकडा त्याने कागदाला सांगितला, आम्हाला नाही.

दुसरा फारच स्वस्त.
वीत्स्के म्हणाली, "हा ताकाला आलाय. भांडं शोध."
भांडं सापडलं चौथ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे तुम्ही.
ॲस्बेस्टॉस. मुखवट्यातली माणसं, दुहेरी पिशव्या.
जे नकोय
तेच सगळ्यात महाग.

मी माळ्यावर चढून वासे ठोकून पाहिले.
बावीस धड, तीन पोकळ.
आढ्यावरचं घुबड एक डोळा उघडून बघत होतं,
घरमालकासारखं.

मग ड्राख्तेनजवळ येल्मरची वखार.
एका शाळेच्या छपरावरून उतरवलेली पॅनेलं,
पंधरा उन्हाळे खाल्लेली.
"शंभरातले पंच्याऐंशी देतात अजून," येल्मर म्हणाला.
वीत्स्केनं मीटर मागितला, एकेक लावून पाहिलं,
सहा बाजूला काढली.
येल्मर जरा कमी बोलू लागला.

पण दक्षिण? मी विचारलं.
गाडीत ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, "तुझ्या गाई दुपारी पान्हवतात का?"

पहाटे पाचची धार. संध्याकाळी पाचची धार.
पंप तेव्हाच ओरडतो, दुधाची टाकी तेव्हाच थंड व्हायला लागते.
जूनमध्ये उगवतीचं छप्पर आमच्याआधी जागं होणार,
मावळतीचं शेवटची गाय सुटेपर्यंत टिकणार.
"दुपारच्या उन्हाचं काय, लोणचं घालू?"

मी घरी येऊन वडिलांना सांगितलं, तुम्ही बरोबर बांधलंत.
ते म्हणाले, "मी कुठला सूर्य बघतोय तेव्हा.
मध्ये चर होता. आडवा बांधला असता तर
गोठा पाण्यात गेला असता."

यंदा फक्त मावळतीची उतरण.
पत्र्यांचे पैसे तेवढेच आहेत.
उगवतीचं पुढच्या साली, दुधाचा भाव टिकला तर.
घुबडासाठी एक फळी मोकळी ठेवली;
ते वीत्स्केच्या हिशेबात नव्हतं, तिनेच ठेवली.

नोव्हेंबरात धुकं. वडील रोज विचारतात,
"आज किती?"
दोन किटल्या चहा, मी सांगतो.
ते उठून किटली भरतात.

खालच्या रांगेतल्या एका पॅनेलवर
फुटबॉलचा गोल ठसा आहे, कोणत्या तरी मुलाचा.
पुसून बघितला. जात नाही.